एमपीथ्रीची एसडीटू करण्यापूर्वी

‘स्टुडिओवाले म्हणतात फाइल एसडीटूमध्ये आणा. माझ्याकडे फक्त एमपीथ्री आहे. कुठला कन्व्हर्टर वापरू?’ अशी विचारणा वाचकांकडून वारंवार होते. विचारणारे कोणी नाटकाचं पार्श्वसंगीत सांभाळतात, कोणी जुन्या भक्तिगीतांची नवी आवृत्ती काढताहेत, तर कुणाच्या हाती वीस-पंचवीस वर्षांपूर्वीचं अर्धवट सेशन आलंय. बहुतेकांनी एखादं संकेतस्थळ गाठून फाइल ‘बदलून’ घेतलेली असते, आणि ती स्टुडिओत उघडत नाही. कन्व्हर्टरचं नाव शेवटी येतं. त्याआधी ठरवायच्या गोष्टी बऱ्याच आहेत.

ही एसडीटू म्हणजे काय आणि ती कुठे लागते

पूर्ण नाव साउंड डिझायनर टू. कॅलिफोर्नियातल्या डिजिडिझाइन कंपनीचं हे स्वरूप. याच कंपनीने १९९१ मध्ये प्रो टूल्स आणलं आणि १९९५ मध्ये ती ॲव्हिडच्या ताब्यात गेली. मॅकवरच्या प्रो टूल्समध्ये कित्येक वर्षं एसडीटू हेच रोजचं स्वरूप होतं. डिजिटल परफॉर्मर आणि लॉजिकच्या जुन्या आवृत्त्याही त्यात ध्वनिमुद्रण करत. त्यामुळे नव्वदच्या दशकातली आणि २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतली मॅकवरची कामं आजही या स्वरूपात डिस्कवर पडून आहेत.

हल्लीच्या प्रो टूल्समध्ये नवं सेशन काढताना वेव्ह किंवा एआयएफएफ हेच पर्याय मिळतात. म्हणजे समोरचा स्टुडिओ आजचा असेल तर त्याला एसडीटू नकोच असते. खरी गरज एकाच ठिकाणी पडते: जुना मॅक, जुनं सॉफ्टवेअर आणि त्यातलं एसडीटूचं सेशन, ज्यात तुमचा आवाज बसवायचा आहे. तिथेही बहुतेक वेळा तुम्ही एसडीटू नेण्याची गरज नसते. का, ते पुढे येईलच.

आधी स्टुडिओला एवढं विचारा

फोनवर पाच मिनिटांत होणारं काम आहे. ‘एसडीटू द्या’ एवढ्या निरोपावर काम सुरू करू नका.

- सॉफ्टवेअर कोणतं, आवृत्ती कोणती आणि मॅकवर कोणती यंत्रणा चालते? मॅक ओएस ९ असेल तर पुढचे बरेच निर्णय बदलतात.
- सेशनचा सॅम्पल रेट किती? ४४.१ किलोहर्ट्‌झ की ४८?
- बिट डेप्थ १६ की २४?
- एआयएफएफ किंवा वेव्ह आणली तर तुमच्याकडे ‘कन्व्हर्ट’ करून आत घेता येईल का?
- फाइल कशावर आणू: सीडी, फायरवायर डिस्क, पेनड्राइव्ह?

चौथ्या प्रश्नाला ‘हो’ आलं, आणि बहुधा येतंच, तर तुमचं निम्मं काम संपलं. उत्तरं व्हॉट्सॲपवर लिहून मागा. पुढे फाइल भलत्या वेगात वाजली तर कोण काय बोललं होतं, यावरून वाद नको.

एसडीटू वाटेत का मरते

एवढा एक तांत्रिक मुद्दा समजून घ्यावाच लागतो. बाकी काही विसरलात तरी चालेल.

वेव्ह किंवा एआयएफएफमध्ये ‘हा आवाज ४४.१ चा, १६ बिटचा, दोन चॅनेलचा’ ही माहिती फाइलच्या पोटातच असते. एसडीटूमध्ये तसं नसतं. मॅकच्या जुन्या पद्धतीत एका फाइलचे दोन भाग असत: डेटा फोर्क आणि रिसोर्स फोर्क. एसडीटू आपला नुसता कच्चा आवाज डेटा फोर्कमध्ये ठेवते. सॅम्पल रेट, बिट डेप्थ आणि चॅनेलची संख्या रिसोर्स फोर्कमध्ये जाते. मॅकबाहेरच्या जगाला हा दुसरा भाग दिसतच नाही.

परिणाम असे:

- ई-मेलला नुसती एसडीटू जोडली, तर पलीकडे बहुधा फक्त कच्चा आवाज पोचतो.
- विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेनड्राइव्हवर मॅक तो दुसरा भाग वेगळ्या फाइलमध्ये ठेवतो. तिचं नाव टिंब आणि अधोरेषेने सुरू होतं. मधला कोणी तरी ‘हा काय कचरा’ म्हणून ती पुसून टाकतो आणि मूळ फाइल मुकी होते.
- संकेतस्थळावरून थेट उतरवलेल्या फाइलसोबत रिसोर्स फोर्क येऊच शकत नाही. ऑनलाइन कन्व्हर्टरने दिलेली एसडीटू उघडत नाही, याचं एक मोठं कारण हेच. काही कन्व्हर्टर तर नुसतं नावाचं शेपूट बदलून देतात.

म्हणून माझं स्पष्ट मत: एसडीटूचा प्रवास करूच नये. प्रवास वेव्ह किंवा एआयएफएफने करावा, आणि एसडीटू शेवटच्या टप्प्यात, ज्या मॅकवर ती वापरायची आहे तिथेच तयार करावी.

एमपीथ्री हातात आल्यावर

सर्वांत आधी मूळ शोधा. एमपीथ्री ही बहुतेकदा कशाची तरी नक्कल असते. सीडी, डॅट, कॅसेट, स्टुडिओने त्या वेळी दिलेली वेव्ह, यातलं काही मिळत असेल तर पुढचा सगळा खटाटोप त्यावर करा. एमपीथ्री बनताना कानाला ‘ऐकू येणार नाही’ असं मानलेला आवाज कायमचा टाकून दिला जातो. १२८ किलोबिटच्या फाइलमध्ये साधारण १६ किलोहर्ट्‌झच्या वरचा भाग सहसा गायबच असतो. झांजेचा चुरचुरणारा पदर किंवा तंबोऱ्याची वरची जवारी पातळ होते ती त्यामुळेच. एसडीटू केल्याने, २४ बिट केल्याने किंवा सॅम्पल रेट वाढवल्याने त्यातलं काहीही परत येत नाही. ‘दर्जा वाढवून देतो’ म्हणणाऱ्याला त्याचे पैसे देऊ नका.

मग रूपांतर कशासाठी? संपादनासाठी. जुनं सेशन एमपीथ्री थेट वाजवत नाही. शिवाय कापाकापी करून पुन्हा एमपीथ्री काढली की प्रत्येक फेरीत आणखी थोडं घटतं. एकदा उलगडून कच्च्या स्वरूपात आणलं की पुढची घट थांबते.

व्हॉट्सॲपवर आलेल्या आवाजाबद्दल वेगळं सांगायला हवं. व्हॉइस नोट ओपस स्वरूपात असते आणि ती बोलण्यासाठी बेतलेली आहे, गाण्यासाठी नाही. पाठवणाऱ्याला सांगा, मूळ फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठव. तशी पाठवली की ती आहे तशीच येते.

सॅम्पल रेटची चूक कानाला कशी कळते

या कामातली सर्वाधिक घोटाळ्याची जागा हीच. एमपीथ्री बहुतेक ४४.१ ची असते, कारण ती सीडीवरून आलेली असते. चित्रपट-मालिकांची सेशन्स सहसा ४८ ची असतात. ४४.१ ची फाइल रूपांतर न करता ४८ च्या सेशनमध्ये टाकली की ती सुमारे ८.८ टक्के जोरात पळते. पाच मिनिटांचं गाणं साधारण चार मिनिटं छत्तीस सेकंदांत आटोपतं आणि स्वर जवळपास दीड पट्टी वर चढतो. काळी एकमध्ये गायलेलं गाणं पांढरी दोन आणि काळी दोनच्या मधे कुठेतरी अडकतं. पेटी घेऊन बसलात तर एकही पट्टी जुळत नाही. गायिकेचा आवाज कोवळा, तबल्याची चाट टणक. उलट बाजूने, ४८ ची फाइल ४४.१ मध्ये टाकली तर तेच गाणं पाच मिनिटं सत्तावीस सेकंदांपर्यंत लांबतं आणि आवाज जड होतो.

नुसत्या कानावर विसंबू नका, विशेषतः गाणं तुम्ही पहिल्यांदाच ऐकत असाल तर. मूळ फाइलची लांबी आणि सेशनमधली लांबी, दोन्ही घड्याळाने ताडून पाहा. फरक सेकंदांत असेल तर रेट चुकला आहे.

८८.२ किंवा ९६ किलोहर्ट्‌झचा विचार इथे करू नका. प्रो टूल्समध्ये एसडीटूची मजल ४८ पर्यंतच.

रूपांतराचे मार्ग

*पहिला मार्ग, आणि मी हाच सुचवेन.* घरी एमपीथ्री उलगडून एआयएफएफ करा आणि एसडीटू करायचं काम जुन्या प्रो टूल्सवर सोडा. घरातला मॅक नवा असेल तर ॲपलच्या म्युझिक ॲपच्या सेटिंग्जमध्ये इम्पोर्टसाठी एआयएफएफ निवडा, सॅम्पल रेट सेशनला जुळेल असा ठेवा. मग गाणं निवडून फाइल मेन्यूतून एआयएफएफ आवृत्ती तयार करा. विंडोज असेल तर ऑडॅसिटीत एमपीथ्री उघडून, प्रोजेक्टचा रेट सेशनएवढा ठेवून वेव्ह किंवा एआयएफएफ काढा. स्टुडिओत ती फाइल आत घेताना प्रो टूल्स ‘ॲड’ आणि ‘कन्व्हर्ट’ असे पर्याय देतं. ‘कन्व्हर्ट’च निवडा. ‘ॲड’ केलं तर सेशन तुमच्या फाइलकडे नुसता निर्देश करतं. डिस्क काढून घरी आणलीत की सेशन ती शोधत बसतं. ‘कन्व्हर्ट’ केलं की सेशनच्या ऑडिओ फोल्डरमध्ये नवी, सेशनच्या स्वरूपातली फाइल तयार होते, रिसोर्स फोर्कसकट.

*दुसरा मार्ग: ऑडॅसिटी.* एक्स्पोर्ट करताना ‘इतर अनकॉम्प्रेस्ड फाइल्स’ निवडलं की हेडरच्या यादीत एसडीटू दिसते. एन्कोडिंग साइन्ड १६ किंवा २४ बिट ठेवा. हे मॅकवरच करावं. विंडोजवर केलं तर रिसोर्स फोर्क ठेवायला जागाच नसते आणि वर सांगितलेली टिंब-अधोरेषेची जोडफाइल सांभाळत बसावं लागतं.

*तिसरा मार्ग: मॅकचं टर्मिनल.* मॅकमध्ये एएफकन्व्हर्ट नावाची आज्ञा आधीपासून असते. तिची स्वरूपांची मदतयादी उघडा. त्यात साउंड डिझायनर टू दिसली तरच पुढे जा, नाही तर पहिल्या मार्गाला लागा. ढीगभर फाइल एकदम करायच्या असतील तेव्हाच या मार्गाचा फायदा. एका गाण्यासाठी टर्मिनल उघडायची गरज नाही.

रूपांतर करताना दोन गोष्टींवर डोळा ठेवा. एक, पातळी. जोरात मास्टर केलेली एमपीथ्री उलगडताना तिची शिखरं मूळपेक्षा वर जाऊ शकतात आणि आवाज फाटतो. म्हणून रूपांतराआधी एक-दोन डेसिबल खाली उतरवा. दोन, १६ बिटमध्ये जात असाल तर डिदर (बिट कमी करताना मिसळला जाणारा बारीक गोंगाट) चालू ठेवा. सेशन २४ बिटचं असेल तर २४ च द्या. दर्जा वाढेल म्हणून नव्हे, जुळावं म्हणून.

जागेचा अंदाज: ४४.१ ला १६ बिट स्टिरिओ म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट, ४८ ला २४ बिट म्हणजे सुमारे १७.३. १२८ किलोबिटची एमपीथ्री मिनिटाला एक मेगाबाइटच्या आत बसते. आकार इतका वाढलेला पाहून घाबरू नका, आणि ‘एवढी मोठी फाइल म्हणजे दर्जा चांगला’ असंही समजू नका.

स्टिरिओ आणि नावं

प्रो टूल्सच्या दहाव्या आवृत्तीआधी सेशनमध्ये स्टिरिओ एका फाइलमध्ये राहत नसे. डावी आणि उजवी अशा दोन मोनो फाइल असत आणि नावाच्या शेवटी टिंब देऊन रोमन एल आणि आर लावलेलं असे. पहिल्या मार्गाने गेलात तर ही फोड आपोआप होते. दुसऱ्या-तिसऱ्या मार्गाने जात असाल तर डावं-उजवं आधीच वेगळं करा, दोन्हींची सुरुवात आणि लांबी नेमकी सारखी ठेवा आणि नावं त्याच पद्धतीने द्या.

नाव रोमन अक्षरांत आणि लहान ठेवा. मॅक ओएस ९ मध्ये ३१ अक्षरांच्या पुढे नाव जात नाही. देवनागरी नावं जुन्या यंत्रावर चिन्हांची खिचडी होऊन उघडतात. तिरक्या रेघा, कोलन आणि प्रश्नचिन्हं टाळा.

ओठ जुळवायचे असतील तर

आवाज नुसता पार्श्वभूमीला असेल तर हा भाग सोडून पुढे जा. संवाद किंवा चित्राशी बांधलेलं गाणं असेल तर थांबा.

एमपीथ्री बनताना आणि उलगडताना सुरुवातीला थोडी शांतता शिरते. लेम हा एन्कोडर ५७६ सॅम्पल धरतो, उलगडणारा डिकोडर आणखी ५२९. मिळून ११०५, म्हणजे ४४.१ ला सुमारे २५ मिलिसेकंद. एएसी या दुसऱ्या आवळलेल्या स्वरूपात ही भर बऱ्याचदा २११२ सॅम्पलची, म्हणजे ४८ मिलिसेकंदांच्या आसपास असते. सेकंदाला २५ फ्रेमच्या चित्रात एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. म्हणजे एकाच फेरीत फ्रेमभर घसरण होऊ शकते, आणि एमपीथ्रीवरून पुन्हा एमपीथ्री झालेली असेल तर ती साचत जाते. काही सॉफ्टवेअर ही भर ओळखून कापतात, काही नाही. म्हणून एकाच प्रकल्पाच्या सगळ्या फाइल एकाच सॉफ्टवेअरने उलगडा. आणि शक्य असेल तर मूळ आवाजातली टाळी, मृदंगाची पहिली थाप असा टोकदार क्षण धरून सेशनमध्ये हाताने जुळवा. सुरुवातीच्या शांततेवर भरवसा ठेवून फाइल शून्याला लावू नका.

एसडीटू न्यावीच लागली तर

- नव्या मॅकवरून नव्या मॅकवर: फाइंडरनेच झिप करा आणि पलीकडेही फाइंडरनेच उघडा. डिस्क इमेजही चालते.
- मॅक ओएस ९ वर: स्टफइट हे फाइल आवळणारं सॉफ्टवेअर वापरा. आजच्या पद्धतीची डिस्क इमेज तिथे उघडेल असं गृहीत धरू नका.
- डिस्क ‘मॅक ओएस एक्स्टेंडेड’ पद्धतीने फॉरमॅट केलेली असावी. ती मॅक ओएस ८.१ पासून वाचता येते. नवी एपीएफएस पद्धत जुन्या मॅकला कळत नाही. डिस्कचा विभागणी-नकाशाही ॲपल पद्धतीचाच हवा.
- नव्या मॅकवर पोचल्यावर पहिलं काम: टर्मिनलमध्ये एलएस आज्ञेला ‘वजा एल’ आणि ‘@’ जोडून यादी काढा. फाइलखाली रिसोर्स फोर्कची ओळ दिसली तर ती धडधाकट आहे. नसेल तर तिथेच थांबा, पुढे पाठवू नका.

हक्कांचं काय

स्वरूप बदललं म्हणून मालकी बदलत नाही. गाण्याचे शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण यांचे हक्क भारतात वेगवेगळे असतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो. म्हणजे १९६० मध्ये निघालेल्या तबकडीचा हा हक्क २०२० अखेर संपला. पण गीतकार-संगीतकारांचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालू राहतो. ‘तबकडी जुनी आहे, चालतंय की’ असं म्हणणाऱ्यांनी ही दुसरी अट नीट वाचावी. गायक-वादकांचाही स्वतंत्र हक्क आहे, सादरीकरणानंतरच्या वर्षापासून ५० वर्षांचा.

स्ट्रीमिंग ॲपवरून ‘डाउनलोड’ केलेली गाणी कुलूपबंद असतात. ते कुलूप तोडणं हा २०१२ च्या दुरुस्तीनंतर वेगळा गुन्हा आहे आणि त्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नाटकाच्या संचाला लागणारं गाणं तिथून काढून सेशनमध्ये टाकू नका.

तुमचे स्वतःचे हक्कही माहीत असू द्या. कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारी व्यक्ती. नुसतं यंत्र आणि खोली भाड्याने देणारा स्टुडिओ आपोआप मालक होत नाही. तरी सेशनच्या फाइल, वेगवेगळे ट्रॅक आणि त्यांच्या वेव्ह प्रती तुम्हाला मिळणार की नाही, हे बुकिंगच्या वेळीच लिहून घ्या. काम झाल्यावर मागायला गेलात तर ‘हार्ड डिस्क सापडत नाही’ हे उत्तर ठरलेलं.

हातात मुकी एसडीटू आली असेल तर

टाकून देऊ नका. रिसोर्स फोर्क गेला तरी आवाज जागेवर असतो.

१. आधी मूळ फाइलची प्रत काढा आणि प्रतीवरच प्रयोग करा.

२. ऑडॅसिटीत ‘रॉ डेटा’ इम्पोर्ट निवडा. साइन्ड १६ बिट, बिग-एन्डियन (हा बाइटचा क्रम), एक चॅनेल, सुरुवात शून्यापासून, रेट ४४१००.

३. नुसता खरखराट आला तर एन्डियन किंवा बिट डेप्थ चुकली आहे. १६ ऐवजी २४ करून पाहा. आवाज ओळखू येतो पण पळतो किंवा रेंगाळतो, असं असेल तर रेट ४८००० करा. अर्ध्याच वेगात वाजत असेल तर फाइल दोन चॅनेलची आहे.

४. लांबीने पडताळा. ४४.१ ला १६ बिट मोनो म्हणजे सेकंदाला ८८,२०० बाइट. १,५८,७६,००० बाइटची फाइल १६ बिटची असेल तर बरोबर तीन मिनिटांची, २४ बिटची असेल तर दोन मिनिटांची. गाणं किती लांबीचं होतं हे कुणाला आठवत असेल तर इथेच उत्तर मिळतं.

५. बरोबर वाजली की लगेच वेव्ह म्हणून साठवा आणि रेट व बिट डेप्थ नावातच लिहा. त्याच फोल्डरमधल्या बाकीच्या मुक्या फाइलना बहुधा हेच आकडे लागू पडतील.